सासऱ्यांभोवतीचे पतंग

फ्रिजमधली डबी रिकामी दिसली आणि सुनेच्या डोक्यात तिडीक गेली. कोबीवरच्या किडीसाठी मागवलेल्या गंधगोळ्या होत्या त्यात. दिसायला चार लहानशी रबरी बुचं, पण त्यांना मादी पतंगाचा वास. सापळ्यात ठेवली की नर भुलून येतात आणि अडकतात. सापळे तर तिने सकाळीच वाफ्यांत टांगले होते.

हे काम सासऱ्यांचंच, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. गेल्या आठवड्यात तिने अळ्या मारणारी मित्रबुरशी पानांवर फवारली, तेव्हा ते म्हणाले होते, "लोक बुरशी घालवायला औषध आणतात, आमची सून बुरशी विकत आणते." वर त्यांनी येत्या शुक्रवारी फवारणीवाल्याला बोलावून ठेवलं होतं. त्याच्या टाकीत किडीचं आणि बुरशीचं औषध एकत्रच असे. तो एकदा वाफ्यांतून फिरला की तिच्या बुरशीचा निकाल लागला, आणि तिच्या मेहनतीचाही.

तिने कुणाला काही विचारलं नाही. बोलणंच टाकलं. सासऱ्यांपुढे चहा असा आदळायची की अर्धा बशीत सांडायचा.

सासऱ्यांच्या मागे मात्र वेगळीच पीडा लागली होती. संध्याकाळी ओट्यावर खुर्ची टाकून वर्तमानपत्र उघडलं की करडे पतंग भोवती जमायचे. त्यांनी दिवा बंद केला, पतंग हलले नाहीत. खुर्ची दुसऱ्या टोकाला नेली, पतंगही तिकडे गेले. बुधवारी त्यांनी दोनदा अंघोळ केली, गुरुवारी तीनदा. शेवटी बायकोला हळूच विचारलं, "माझ्या अंगाला कसला वास येतो का गं?"

"येतो की. साबणाचा."

शुक्रवारी दिवेलागणीला फवारणीवाला पाठीवर टाकी घेऊन आला आणि ओट्यापाशीच थबकला. "आधी तुमच्यावरच मारू का, काका?"

सून तरातरा बाहेर आली. "माझ्या गोळ्या कुठं फेकल्यात ते आधी सांगा, बाबा. मग काय मारायचं ते मारा."

"कसल्या गोळ्या? मी तुझ्या त्या फ्रिजला हात तरी लावतो का?"

"खोटं बोलू नका."

सासरे ताडकन उठले. खुर्ची मागे कलंडली आणि चारही पाय वर झाले. प्रत्येक पोकळ पायात एकेक रबरी बूच, आणि त्याला पतंग लगडलेले.

"ती होय?" सासूबाई दारातून म्हणाल्या. "खुर्ची फरशीवर करकरायची, म्हणून मी बसवली. मला विचारलंस कुठं?"

सून आणखीच चिडली.

"म्हणजे मी उगाच अंग घासत बसलो होतो?" सासरे बायकोवर डाफरले. मग एवढ्याशा बुचांनी ओढून आणलेले पतंग निरखून फवारणीवाल्याला म्हणाले, "तू जा. हिचं चालू दे."

"अहो, टाकी भरून आणलीय."

"जा म्हटलं ना."

त्यांनी खाली बसून बुचं एकेक करून उपटली आणि मुठीत घट्ट धरली. "सापळ्यांत मीच लावतो. तुझ्या हातात दिली तर परत हरवशील."

गोळी उघड्या हाताने धरली की वास बोटांना चिकटतो आणि धुऊनही लवकर जात नाही. म्हणूनच सून कमरेला खोचलेले हातमोजे काढून पुढे करत होती. ते तिने हळूच पाठीमागे नेले.

"लावा बाबा," ती म्हणाली. "चांगली दाबून लावा."