सावेकाकांचा कालवफोड्या

स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला पक्षी ‘पाहिला नाही’ असं सावेकाका छातीठोकपणे सांगतात. तो दुसऱ्या कुणी पाहिला नसेल, तर त्यांच्या लेखी तो नव्हताच. “एकट्याची नोंद म्हणजे थाप,” असं त्यांचं मत.

चंदनसारला ते माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात. ऑक्टोबरात उत्तरेकडचे पक्षी आपल्या किनाऱ्यावर उतरू लागले, की काकांच्या अंगात येतं. जिन्यात गाठून “कुरव आले” सांगतात, जणू घरचंच कुणी गावाहून आलंय. या दिवसांत सोसायटीच्या मीटिंगला ते फिरकत नाहीत. सोसायटी त्याबद्दल ऋणी आहे.

एकदा नंदाखालला केळीच्या वाडीशी त्यांनी तीन पायांच्या स्टँडवर दुर्बीण लावली. वाडीवाली बाई कोयता घेऊनच आली. “मोजनी कोनाची चाललीय? रस्ता आमच्या वाडीतून जानार नाय.” काकांनी तिलाच दुर्बिणीला डोळा लावायला दिला. शेपटी नाचवणारा धोबी पक्षी बघून ती हसली. काकांना साक्षीदार मिळाला, वर केळ्यांची फणी.

एरवी साक्षीदार ठरलेली, सुमनकाकू. दोघं जोडीनं अर्नाळ्याला जायची. पुढे साखरेनं काकूंची नजर गेली आणि काकांनी मला धरलं. यंदा कालवफोड्या आल्याची कुणकुण होती. कालवं फोडून खाणारा हा पक्षी इथे क्वचितच येतो. काकूंना तो कधीच दिसला नव्हता, आणि तेच काकांना खात होतं.

परवा ओहोटीला अर्नाळ्याच्या वाळूत तो दिसला. काळा-पांढरा, चोच गाजरासारखी. मी म्हटलं, “काका, मीही पाहिला. टाका पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर.”

“थांब जरा.” त्यांनी काकूंना फोन लावला आणि हात लांब करून तो पक्ष्याकडे धरला. पक्षी गप्प. काकांनी फोन या हातातून त्या हातात घेतला. मी फोन धरतो म्हटलं, तर दिला नाही. सगळं लक्ष फोनवर, कट तर झाला नाही ना म्हणून.

अखेर पक्षी उडाला आणि उडता उडता तीक्ष्ण ओरडला.

“ऐकला हो,” काकूंचा आवाज आला. “किती गोड. आता फोन ठेवा आणि तुम्ही बघा त्याला. इतका वेळ माझ्यासाठी फोनच सांभाळत असाल.”

“बघतोय ना,” काका म्हणाले.

पक्षी केव्हाच कळंबच्या दिशेनं दिसेनासा झाला होता. काका मात्र रिकाम्या वाळूकडे बघत काकूंना सांगत होते, “अगं, आता परत बसला बघ. पाय गुलाबी आहेत. चालतोय हळूहळू.”