दोन वाजून एक मिनिटाची हजेरी

सोमवारी सकाळी देवणीत अमृतराव गोठ्यातलं शेण भरत होते, तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. लातूरच्या दिव्यशिखर क्लासेसनं पालकांसाठी नवं ॲप सुरू केलं होतं आणि त्यावरचा हा पहिलावहिला संदेश होता: 'आपला पाल्य अयोध्या आज ०२.०१ वाजता वर्गात हजर.' घड्याळात तर साडेसहा वाजून गेले होते. पण देवणीत रेंज आपल्या मर्जीनं येते आणि जाते, तेव्हा संदेश साडेचार तास वाटेत कुठंतरी अडकला असणार, असं अमृतरावांनी धरलं. तसं धरलं आणि घमेलं हातातून सुटलं.

"रात्री दोनला?" कावेरीबाई चुलीपुढून उठल्या. "तरणी पोरगी रात्री दोनला रस्त्यानं चालून राहिली?"

"तसंच लिवलंय."

"मग आजच्या आज घरी आणा तिला. बहिणीनं उदगीरचं स्थळ सांगितलेलंच हाय. डॉक्टर व्हायचं न्हाई आन् काय न्हाई."

पोरीला लातूरला ठेवायला कावेरीबाईंना राजी करण्यात अमृतरावांचे दोन महिने गेले होते. ती एकदा घरी आली की पुस्तकं माळ्यावर जातील आणि पोरगी उदगीरला, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिला फोन करावा, तर क्लासच्या नियमानं मुलांचे फोन रविवारपर्यंत कपाटात बंद. एवढ्यात चुलतभाऊ भुजंग पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा राहिला. त्याचा वरद त्याच क्लासात होता.

"दादा, तोंड गोड करा. वरद एक अठ्ठावन्नला हजर."

"आरं पण, रात्री दोनला लेकरं बोलवतेत व्हय?"

"झोपा काढून कोण डॉक्टर झालंय, दादा?"

अमृतरावांनी पेढा खिशात टाकला आणि मिळेल ती एसटी धरली.

भूकंपानंतर या भागात दोनच गोष्टी भराभर उभ्या राहिल्या: पुनर्वसनाची घरं आणि क्लासेस. घरं पुढं थांबली, क्लासेस अजून वाढतच आहेत. दिव्यशिखरचे मालक रेणुकादास सर म्हणजे बत्तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. वास्तुशास्त्रावर त्यांची भारी श्रद्धा. त्यांनी क्लासचा दक्षिणेचा दरवाजा विटांनी बुजवला होता, फळे पूर्वेच्या भिंतीला लावले होते, आणि ॲपसुद्धा मुहूर्त बघून सुरू केलं होतं. अमृतराव पोचले तेव्हा ते ॲपमधली हजेरी बघून डोळे पुसत होते.

"चारशे मुलं, अमृतराव. चारशेच्या चारशे मुलं रात्री दोनला येऊन बसली. न सांगता. याला म्हणतात संस्कार."

"पण सर, त्यांना दार कुणी उघडलं?"

सरांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. रखवालदाराला हाक गेली. रखवालदार माउली रात्रभर गाढ झोपला होता. पोरं आली नाहीत म्हणावं तर ॲप खोटं ठरतं, आली असतील ठाऊक नाही म्हणावं तर नोकरी जाते. त्यानं क्षणभर विचार केला.

"हाव सर, दोनला आली की सगळी. म्याच कुलूप काढलं."

मग फिजिक्सचे अंबरीश सर आले. ॲपमध्ये त्यांच्या नावापुढं एक चाळीसची वेळ होती. त्यांनी ती नीट बघून घेतली आणि जड आवाजात म्हणाले, "हो, आलो होतो. मुलांसाठी करावं लागतं. उद्या मात्र मला सुट्टी हवी."

एक मालक, एक मास्तर, एक रखवालदार आणि वर मोबाईल, चौघं एकच सांगत होते. शेवटी अयोध्याला वर्गातून बोलावून घेतलं.

"पोरी, खरं सांग. कवा आलीस?"

"साडेसहाला, बाबा. रोजच्यासारखी."

"मग हे समदे खोटं बोलून राहिले का?"

अयोध्यानं सरांचा मोबाईल मागून घेतला, ॲपमधला क्लासचा नकाशा उघडला आणि टेबलावर ठेवला. नकाशावर निळा समुद्र होता, जवळ एक बर्फाचं बेट होतं, आणि समुद्राच्या मधोमध लाल टिकली होती. टिकलीखाली लिहिलं होतं, 'दिव्यशिखर, मुख्य शाखा.'

"सर, हे ॲप जागा बघून वेळ ठरवतं. जागेचे दोन आकडे भरायचे असतात. ते उलटे पडलेत. म्हणून आपला क्लास नॉर्वेच्याही वर गेलाय. तिथं आपल्या साडेसहाला रात्रीचे दोन वाजलेले असतात."

"उलटे कसे पडतील? मी स्वतः भरलेत," सर म्हणाले. "पूर्वेचा आकडा शहात्तर, उत्तरेचा अठरा. आधी पूर्व भरली, मग उत्तर. शुभकार्यात पूर्व आधी."

"सर, आठवीच्या भूगोलात तर तुम्हीच शिकवायचात, आधी अक्षांश, मग रेखांश."

"ते परीक्षेत."

अमृतरावांनी नकाशावर बोट टेकवलं. "म्हंजी माझी पोरगी हितं लातुरातच हाय, आन् रात्रीची कुठं जात न्हाई?"

"न्हाई, बाबा."

अमृतरावांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी खिशातला पेढा काढून माउलीला दिला. सरांनी तोंड वाकडं करून आकड्यांची अदलाबदल केली, आणि पोरगी वर्गात परत गेली.

मंगळवारी सगळ्या तालुक्यांत संदेश गेले: साडेसहा, सहा बत्तीस, सहा पस्तीस. नऊ वाजेपर्यंत सरांचा फोन तापला. औशाचे पालक विचारत होते, एका दिवसात साडेचार तास कुठं गेले. रेणापूरचे म्हणत होते, क्लास ढिला पडला, पोरं काढून घेतो. भुजंग तर गाडी करून लातूरला धडकला. सरांनी दुपारी आकडे पुन्हा उलटे केले आणि गेटवर मोठा फलक लावला: 'रात्री दोनपासून अभ्यास करणारी एकमेव संस्था.' बुधवारी प्रवेशासाठी रांग लागली.

अमृतराव तेवढे तक्रारदार पालक. त्यांच्यासाठी सरांनी ॲपमध्ये वेगळी शाखा उघडली, खऱ्या लातुरातली. तिच्यात एकटी अयोध्या. रोज सकाळी देवणीच्या पारावर भुजंग एक अठ्ठावन्न वाचून दाखवी आणि मग मोठ्यानं विचारी, "दादा, आपली अयोध्या कितीला?"

"साडेसहाला."

"असंल. समद्यांना झेपत न्हाई."

अमृतरावांनी कावेरीबाईंना नकाशा, समुद्र, बर्फ, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी चारशे पोरं खोटी आन् तुमचीच तेवढी खरी? समद्या पोरी मिळून दोनला जातेत, रस्त्याची भीती मला आता न्हाई. आपलीच लोळत पडती. शिकायचं नसंल तर उदगीरवाल्यांना रविवारी बोलवते."

शनिवारी अमृतराव गोठ्यामागं गेले आणि हळू आवाजात सरांना फोन लावला.

"सर, आमच्या अयोध्याला बी त्या बर्फातच घ्या."

"प्रतीक्षा यादी आहे, अमृतराव. पण तुम्ही जुने पालक. बघतो."

रविवारी सुट्टी नव्हती, सराव परीक्षा होती. सकाळी मोबाईल वाजला. कावेरीबाईंनी संदेश शेजारच्या नीलम्माकडून दोनदा वाचून घेतला: दोन वाजून एक मिनिट. मग त्यांचे डोळे भरून आले.

"उदगीरला न्हाई म्हणून कळवा. पोरगी जिवाचं रान करून राहिली," त्या म्हणाल्या. "आन् एवढ्या रात्रीची जाती, थंडी लई असंल. एक स्वेटर धाडा."

अमृतरावांना तो निळा समुद्र आणि त्यातलं बेट आठवलं.

"एकानं काय व्हतंय," ते म्हणाले. "दोन धाडू."