घमेल्यातले गुलाबकाका

आमचे भाडेकरू रोज सकाळी घमेल्यात उभे राहायचे. खोटं नाही सांगत! लोखंडी घमेलं, आत वीतभर काळी माती, अन् त्या मातीत अनवाणी, डोळे मिटून, हात जोडून, ताठ उभे गुलाबकाका. धोतर पोटरीपर्यंत खोचलेलं. सगळं अंग खांबासारखं गप्प, पण पायाची बोटं मात्र मातीत सारखी चालू. कडेकडेनं, मग मधून, मग परत कडेनं. मी कॉलेजात याची नक्कल करायची तेव्हा मैत्रिणी हसून हसून लोळायच्या.

काका तहसील कचेरीत कारकून. योगाचं म्हणाल तर गुरूबिरू कोणी नाही. तिवस्याच्या बाजारात कधीतरी एक पुस्तक घेतलं होतं, पाच तत्त्वांच्या योगाचं. त्यातली चार तत्त्वं वाळवीनं खाल्ली, पृथ्वी तेवढी उरली. काकांना त्याचं काही वाईट वाटायचं नाही. म्हणायचे, "तिनं जे ठेवलं ते आपलं. आकाश घेऊन मले काय करा लागते?"

भेटेल त्याला त्यांचा एकच प्रश्न. "पाय टेकले का?" दूधवाल्याला, पोस्टमनला, नव्या नवरदेवालासुद्धा!

माझ्या इंटरच्या पहिल्या पेपराला मी अंगणात रडत बसले होते. काही म्हणजे काही आठवेना. काका आले, म्हणाले, "चपला काढ पोरी. पाय टेक. जीव डोक्यात चढला का माणूस घाबरते. खाली उतरव त्याले. आता सांग, जमीन हालून राह्यली का?"

"नाही."

"मंग तू काहून हालून राह्यली?"

अन् खरंच सांगते, थांबलंच सगळं! पास झाले मी.

कचेरीतला किस्सा तर आमच्या अख्ख्या राजापेठेला माहीत. मुंबईकडून नवे साहेब आले होते, भयंकर तापट. ते ओरडायला लागले की काका टेबलाखाली हळूच जोडे काढायचे अन् अनवाणी उभे राहायचे. एक दिवस साहेबांचं लक्ष गेलं.

"जोडे कुठं आहेत तुमचे?"

"तुमी बोलून राह्यले होते ना साहेब, म्हणून काढले."

साहेबांना वाटलं, देवळात काढतात तसे! इतके खूश झाले की पुन्हा काकांवर कधी ओरडले नाहीत.

माती मात्र हवी तिवस्याचीच, तीही काकूंच्या माहेरच्या वावरातली. दर रविवारी काका एसटीनं जायचे अन् पिशवी भरून आणायचे. कंडक्टर म्हणायचा, "काहून बाप्पा, अमरावतीत माती नाही का?"

"हाये ना. पण वळखीची नाही."

काकूंना मात्र आम्ही क्वचितच पाहायचो. दोन वर्षांपासून खाटेवर होत्या. कंबरेखालचं सगळं गेलेलं. पायांना आता काही कळणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलेलं. काका आसन आटोपून घमेलं आत न्यायचे अन् दार लावून घ्यायचे. खाटेखाली ठेवत असतील, असं आम्हाला वाटायचं.

त्या वर्षी बाबांनी सगळ्या घराला नवी शहाबादी फरशी बसवली. अन् पावसाळ्यातली आमच्याकडची काळी माती म्हणजे काय सांगू, चिकटली की खरवडून काढावी लागते! काकांच्या खोलीपासून अंगणापर्यंत फरशीवर पावलंच पावलं. आईचं डोकं फिरलं.

"घरात वावर करून राहिले का भाऊजी? दसऱ्याच्या आत माती बाहेर काढा, नाही तर दुसरी खोली पाहा!"

मला वाटलं, आता काका विचारणार, पाय टेकले का म्हणून. पण ते खाली फरशीकडे पाहत राहिले. खालच्या मजल्याची खोली कुठं मिळणार होती त्यांना? अन् काकूंना खाटेसकट हलवायचं म्हणजे! शेवटी हळूच बोलले, "खोली सोडतो वैनी. माती नाही सुटत."

आई रात्रभर चिडलेली. सकाळी म्हणाली, "आज सोक्षमोक्षच लावते." मी मागं मागं. खोलीचं दार नीट लागलेलं नव्हतं.

काकू खाटेच्या काठाला उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांचे दोन्ही पाय घमेल्यात. काका खाली बसून त्यांच्या घोट्यांवर मूठमूठ माती ओढत होते.

"सांग बरं वं, कोठची हाये?"

काकूंनी एक ढेकूळ हातात घेऊन वास घेतला. "विहिरीजवळची. माह्या बाबाच्या हरभऱ्याची."

"वळखलं! अन् थंड लागते का?"

काकू जराशा थांबल्या. "लागते ना."

काका एवढे खूश झाले की काय सांगू! आई माझा हात धरून परत फिरली.

दुसऱ्या दिवशी काका अंगणात घमेल्यात उभे होते, तोच आई समोर येऊन उभी. एका हातात जुनं गोणपाट, दुसऱ्या हातात गव्हाची चाळणी.

"हे फरशीवर अंथरत जा," ती म्हणाली. "अन् माती चाळून घेत जा. काडीकचरा नको तिच्या पायाला."

काकांनी खाली उतरून गोणपाट घेतलं. चाळणी मात्र परत केली. मग पायरीवर बसून टाचेतून नखानं एक बारीकसा बाभळीचा काटा काढला अन् आईला दाखवला.

"चाळणीतून हा उभा निसटते वैनी. पायातून नाही निसटत. तिले रुतला तर समजणार नाही ना."

असं म्हणून ते परत घमेल्यात चढले. डोळे मिटले, हात जोडले. कडेकडेनं, मग मधून, मग परत कडेनं.