टपालानं आलेला गृहपाठ

मंगळवारी अबिलियो इंग्रजीच्या वर्गाला गेला नाही. रात्री दव गोठणार होतं आणि अंजिराचं झाड गुंडाळायचं राहिलं होतं. टोरांटोच्या हिवाळ्यात अंजीर उघडं ठेवलं तर मरतं. ते झाड इल्दानं, त्याच्या बायकोनं लावलेलं. चाळीस वर्षं घरातलं सगळं इंग्रजीही इल्दाच बोलायची. ती गेल्यावर, एकाहत्तराव्या वर्षी, त्यानं वाचनालयाच्या तळघरातला वर्ग धरला होता.

बाई फोनवर म्हणाल्या, "काका, गृहपाठ टपालानं पाठवते. 'कधीच नाही, कधी कधी, बहुधा, नेहमी' हे चारही शब्द वापरा. एकच एक घोटू नका. खरं-खोटं नंतर बघू."

गुरुवारी पाकीट आलं. डावीकडे आठ प्रश्न, उजवीकडे तेच चार शब्द आणि चौकोन. परत पाठवायला तिकीट लावलेलं पाकीटसुद्धा! बाई हुशार, असं त्याला वाटलं. प्रश्न लांबलचक होते, पण ते वाचायची गरजच नव्हती. त्यानं जिन्याच्या पायऱ्यांसारख्या तिरक्या खुणा केल्या आणि लगेच पेटीत टाकून आला.

सोमवारी बाईंचा गृहपाठ आला.

अबिलियोनं ते पाकीट दोनदा उलटून पाहिलं. मग गुरुवारचा कागद कुणाचा? फोडलेलं पाकीट कचऱ्यातून काढलं. त्यावर दवाखान्याचा शिक्का होता. आत कागदाची दुसरी प्रतही होती, घरी ठेवायची. तिच्यावर पेन्सिलीनं तशाच तिरक्या खुणा करून, शब्दकोश घेऊन तो एकेका प्रश्नाचा अर्थ लावू लागला. स्वतः आंघोळ करता का? कधीच नाही. समोर नसलेल्या माणसांशी बोलता का? कधी कधी. तोल जाऊन पडता का? बहुधा. शेगडी बंद करायला विसरता का? नेहमी.

पुढच्या प्रश्नांचा अर्थ लावायचा त्याला धीर झाला नाही. दूर कॅल्गरीला राहणाऱ्या लेकीनं, ग्रासानं, बजावलं होतं, "एकदा जरी शेगडी विसरलात ना बाबा, घर विकायचं आणि माझ्याकडे यायचं."

तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, दवाखान्यातून फोन होता. उद्या येतेय."

"अगं, तो गृहपाठ होता!"

"काय होतं?"

"गृहपाठ! बाईंनी सांगितलं, खरं-खोटं नंतर बघू!"

मग ग्रासा अगदी हळू, लहान मुलाशी बोलावं तशी म्हणाली, "बरं बाबा. शेगडीला हात लावू नका हं."

दुसऱ्या दिवशी अबिलियोनं पहाटेच आंघोळ केली, दुपारी पुन्हा केली. शेगडी अकरा वेळा तपासली. नाक्यावर टॅक्सी दिसली तेव्हा आठवलं, वाऱ्यानं अंजिरावरची गोणपाटं सुटलीत. घाईत हाताला आला तो इल्दाचा जुना कोट. तो झाडाला चढवून तो बटणं लावू लागला. "थांब गं बाई, हलू नकोस. थंडी वाजेल." शेवटच्या बटणाला शिडी हलली आणि तो पानांच्या ढिगात आडवा झाला.

मान वर केली तर फाटकात ग्रासा उभी.

"ही फक्त शिडी हलली," तो म्हणाला. "आणि बोलत होतो ते झाडाशी."

स्वयंपाकघरात त्यानं दवाखान्याचा आणि बाईंचा, दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. तिरक्या खुणांचा तो जिना बघून ग्रासाला आधी हसू आलं, मग हसता हसता डोळे पुसावे लागले. "बाबा, तुम्ही वर्गात पहिले येणार." तिनं पेन्सिल आणि खोडरबर घेतलं. ती प्रश्न वाचायची, तो खरं उत्तर सांगायचा. सातही खुणा बदलल्या.

आठवा प्रश्न होता, घरात एकटं वाटतं का? खूण होती 'नेहमी'वर.

ग्रासानं खोडरबर टेकवलं. अबिलियोनं तिचा हात धरला.

"ते राहू दे. ते चुकून बरोबर आलंय."

ग्रासानं खोडरबर बाजूला ठेवलं.

"मग कॅल्गरीला चला."

"कधीच नाही."

"मग मी इथं येत जाऊ?"

अबिलियो विचारात पडला. चारही शब्द आता त्याला पाठ होते. त्यानं पेन्सिल उचलून तिच्यापुढे धरली.

"याची खूण तू कर."