मास्तरांचं लोह

आमच्या शेजारचे मास्तर शाळेत शास्त्र शिकवत. माणसाच्या तोंडाकडे बघून ते कधी बोललेच नाहीत. नजर सदा डोक्यावर. मी गुहागरची, लग्न होऊन रत्नागिरीस आलेली. पहिल्या बाळंतपणानंतर केस झुबक्याझुबक्यानं गळायला लागले. एकदा विहिरीवर होते, तर दगडी गडग्यापलीकडून मास्तर ओरडले, "काय गो, लोह कुठं सांडलंस?"

मी घाबरून विहिरीत वाकले. म्हटलं, लोखंडी पोहरा पडला की काय!

"अगो, अंगातलं लोह! ते बाळ घेऊन गेलं. केस काय नुसत्या तेलानं वाढतात? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

ही म्हण त्यांना दिवसातून दहादा लागे. स्वतःच्या डोक्यावर मात्र औषधाला केस नाही. कुणी टोचलंच, तर म्हणत, "हे वडिलोपार्जित. त्याला आहार काय करील?"

एकदा तर हा सोवळ्यातला माणूस मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात जाऊन कोळणींचे आंबाडे न्याहाळत उभा राहिला. शेवटी एकीनं कमरेवर हात ठेवून विचारलंन, "मास्तर, मासळी हवी की माझा आंबाडा?" घरी येऊन मास्तर आम्हांला सांगतात, "काळेभोर! सगळा बांगड्याचा प्रताप. आपण काय खातो? भात नि त्यावर पाणी!"

मग फर्मान सुटलं, सगळा स्वयंपाक लोखंडी कढईत. मी मेली भाबडी, आमसुलाचं सारसुद्धा त्यातच उकळलं. काळंकुट्ट झालं. मामंजी म्हणाले, "सूनबाई, हे जेवायचं की यानं पत्र लिहायचं?"

आळीतल्या प्रत्येक डोक्यावर बोलणारे मास्तर एका डोक्याकडे मात्र बघत नसत. ते त्यांच्या थोरल्या बहिणीचं, आक्कांचं. आक्का सतराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आल्या. लाल आलवण, एक वेळ जेवण, नि महिन्याला मागल्या दारी न्हावी. आईवडील गेल्यावर मास्तरांनी पहिलं काम केलं ते न्हाव्याला नारळ देण्याचं. आळीत केवढा बोभाटा झाला! पण वर्ष उलटलं तरी आक्कांच्या डोक्यावर नुसती विरळ लव. येणार कुठून? दुपारचा मूठभर भात, रात्री काही नाही. मास्तर दोन घास जास्त खा म्हणाले की आक्का म्हणायच्या, "पुरे हो आता. मेल्या जमिनीला खत कशाला?"

तेव्हा मास्तरांनी नवी टूम काढली. रोज संध्याकाळी आळीतल्या बायकांना नाचणीची आंबील नि अळीव-तीळ-गुळाचा एकेक लाडू. करायचा आक्कांनी. आणि सगळ्यांदेखत त्यांना बजावलं, "हे औषध आहे. करणाऱ्यानं आधी घ्यायचं. औषधानं उपास मोडत नाही."

मला बाजूला बोलावून हळूच म्हणाले, "तू रोज ये हो. तिच्यासमोर बसून खा. एकटीनं ती खायची नाही."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मिरकरवाडा काय, कढई काय, माझे केस काय, सगळी खटपट त्या एका झाकलेल्या डोक्यासाठी! मी एक दिवस चुकवला नाही. आक्का आधी कुरकुरत, मग अर्धा लाडू, मग एक. पुढं पुढं तर मला उशीर झाला की रागावत.

असं दीडेक वर्ष गेलं. एका सकाळी आक्कांनी मला परसात हाक मारली. पदर मागं सारलेला, केस मानेखाली आलेले, हातात माझ्याकडूनच नेलेली फणी.

"बघ गो जरा," त्या म्हणाल्या, "कशी धरायची तेच विसरल्ये."

मला रडूच आलं. तशीच विंचरायला बसले. फणी अडकली नि आक्का "आई गं!" म्हणून ओरडल्या. मास्तर धावत दारात आले. त्यांनी पहिल्यांदाच आक्कांच्या डोक्याकडे नीट पाहिलं. मी वाट बघत होते, आता म्हण येईल.

"गुंता झाला वाटतं," एवढंच म्हणाले, नि स्वतःच्या टकलावरून हात फिरवत घाईघाईनं आत गेले.