गुणाबाईंनी पालथे घातलेले क्लॅम्प

यंदा ज्वालामुखी नाही! दिव्यानीनं भर वर्गात जाहीर करून टाकलं. दरवर्षी विज्ञान प्रदर्शनात तोच मातीचा डोंगर, तोच खायचा सोडा आणि तोच लाल फेस! छे! "यंदा मी हेडसरलेच हवेत लटकवतो!"

वर्गात अशी शांतता पसरली, की बाहेर बकरी रवंथ करत होती तेही ऐकू आलं.

"शाळेतून काढतीन ना वं तुले!" मैत्रीण रंजीता घाबरून म्हणाली.

"अवं, परांचीवर बसवून! लटकत्या परांचीवर!"

दिव्यानीचे बाबा, प्रफुल, घुग्घुसकडे एका सिमेंट कारखान्यात परांच्या बांधतात. साधी परांची जमिनीवर पाय रोवून उभी राहते. बाबांची खासियत वेगळीच! वर गर्डर, गर्डरला उभे पाइप, पाइपांना खाली आडवे पाइप आणि त्यांवर फळ्या. जमिनीशी काही नातंच नाही, वटवाघळासारखी सगळी भिस्त वर! पण गोंडपिपरीकडच्या त्यांच्या गावात हे कुणी कधी पाहिलंच नव्हतं. "प्रफुल ना? तो पाइप आवळते," एवढीच त्यांची ओळख. ते ऐकलं की दिव्यानीच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा. बाबा काय करतात ते अख्ख्या गावानं डोळ्यांनी बघावं, एवढंच तिला हवं होतं. बक्षीस मिळालं तर तेही घेऊ, नाही कोण म्हणतंय!

हेडसर, म्हणजे धनराज सर, तयार झाले. वजनदार माणूस! "विज्ञानासाठी मी लटकतो," ते म्हणाले, आणि भाषणाच्या तयारीला लागले.

आदल्या दिवशी बाबांनी शाळेच्या शेडमधल्या गर्डरला उभे पाइप बांधले. मग त्यांनी पाइप जोडायचा क्लॅम्प दिव्यानीच्या हातात दिला. मगरीच्या जबड्यासारखी वस्तू! जबड्यात पाइप घालायचा, झाकण लावायचं, नट आवळायचा.

"आडव्या पायपाच्या जबड्याचं तोंड हमेशा वर, माय," बाबा म्हणाले. "तोंड वर असलं का पाइप मायच्या मांडीवर बसल्यावानी बसते. नट ढिला झाला तरी मांडी कुठी जाते? आन् तोंड खाली असलं तं सारं वजन त्या नटावर. नट गेला का पाइप गेला!"

"समजलं बाबा! खालचे सारे मीच लावतो. प्रदर्शन माहं हाये!"

बाबांनी गर्डरवरून जाड दोराचे फासही सोडले. आडवे पाइप त्यांतूनच घालायचे म्हणे.

"हे काऊन? बैलाच्या दाव्यावानी दिसून राह्यलं! शोभाच गेली सारी!"

"राहू दे," बाबा म्हणाले, आणि ड्यूटीवर निघून गेले. दिव्यानीनं त्या दोरांना गुलाबी पताका गुंडाळून टाकल्या. लाज झाकली!

सकाळी तिनं सगळे क्लॅम्प व्हरांड्यात ओळीनं मांडले. प्रत्येकाचं तोंड वर, ज्या क्रमानं लावायचे त्याच क्रमानं. आता काय, डोळे झाकून लावायचे! मग ती ऐटीत आणखी पताका आणायला गेली.

व्हरांड्याच्या टोकाला पोषण आहाराची चूल आणि चुलीपाशी गुणाबाई! शाळेत खिचडी शिजवणाऱ्या गुणाबाईंना घाण दिसली की हात शिवशिवतात. ग्रीसनं काळे झालेले क्लॅम्प बघून त्यांना भरूनच आलं. त्यांनी राख घेतली, काथ्या घेतला आणि एकूणएक क्लॅम्प आरशासारखा लख्ख घासला. घासलेलं भांडं बाई काय करते? निथळायला पालथं घालते! जिथला क्लॅम्प तिथेच, पण तोंड खाली!

दिव्यानी परतली. क्लॅम्प चमकताना बघून हरखली, आणि रंजीताशी गप्पा हाणत, न बघता, उचलला तसा लावत सुटली! राख नटांच्या आट्यांत बसलेली. नट थोडा फिरला की करकचून अडायचा. "पाह्य वं, कसा गच्च बसला!" ती अभिमानानं म्हणाली. गच्च कसला? ती राख गच्च बसली होती!

प्रदर्शन सुरू झालं. गाव लोटलं. तालुक्याहून परीक्षक रीना मॅडम आल्या. धनराज सर बाकावर चढून छातीएवढ्या उंचीच्या परांचीवर बसले आणि हात पसरून म्हणाले, "विद्यार्थ्यांनो, विज्ञान म्हणजे..."

खट्ट!

एक कोपरा वीतभर खाली आला.

"वा! झुलतेसुद्धा!" सर खूश झाले.

"हे मुद्दाम केलंय का?" मॅडमनी पेन उचललं.

"हो... हो मॅडम!" दिव्यानीच्या तोंडून निसटलं.

खट्ट! दुसरा कोपरा! सर घसरगुंडीवरच्या पोरासारखे एका बाजूला सरकले. खुशी गेली, भाषण गेलं, फळीला मारलेली मिठी तेवढी राहिली.

"प्रफुलचं काम असंच का गा?" मागून कुणीतरी म्हणालं.

आणि तेवढ्यात फाटकातून आवाज आला, "कोनी हालू नका!"

डोक्यावर हेल्मेट, अंगावर सिमेंट, बाबा! गाव थिजलं. गुणाबाई खिचडी ढवळायचा सराटा वर धरून थिजल्या. सर तर आधीच थिजलेले होते. बाबांनी फळीला खांदा दिला आणि सरांना लहान बाळासारखं उतरवून घेतलं. परांची मात्र पडली नाही. गुलाबी पताकांतले ते दावे तिला धरून होते!

बाबांनी वाकून पाहिलं. "तोंड खाली कोनी केलं?"

"मीनं!" गुणाबाई ठसक्यात म्हणाल्या. "घासले न पालथे घातले. तोंड वर ठेवलं तं पाल नाई पडनार का?"

मागचा तो टोमणा अजून दिव्यानीच्या कानात होता. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "मॅडम, मुद्दाम नव्हतं! बाबानं बरोबर सांगतलं होतं. मीच न पाहता लावलं! बाबाचं काम म्हंजे तो दोर!"

बाबांनी आटे पुसले, तेल सोडलं आणि पाना तिच्याच हातात दिला. अख्ख्या गावासमोर दिव्यानीनं एकेक क्लॅम्प तोंड वर करून लावला. शेवटी बाबांनी एक नट मुद्दाम ढिला केला. "आता बसा सर."

सरांना अचानक ऑफिसात काम निघालं!

मग गुणाबाई चढल्या. सराट्यासकट! वर बसून त्यांनी दोन हिसके दिले. ढिला नट लोंबत राहिला, पण पाइप तसूभर हलला नाही. "खरंच वो, मायची मांडीच हाये!" त्या म्हणाल्या, आणि टाळ्यांनी शेडचे पत्रे थरथरले. "प्रफुलभाऊ, कारखान्यात बी असंच बांधता का?" लोक बाबांभोवती गोळा झाले. बाबा हेल्मेट काढून उगाच पुसत राहिले. दिव्यानीनं हळूच त्या दोराला हात लावला. पताका काढल्या. उघडाच छान दिसत होता!

बक्षीस? ज्वालामुखीला मिळालं.

पण गुणाबाईंच्या मनात ती मांडी घर करून बसली. त्या दिवशी त्यांनी खिचडीचे सगळे गंज, म्हणजे मोठी पातेली, घासून, मोठ्या श्रद्धेनं, तोंड वर करून ठेवले. सकाळी पाहतात तर सगळ्यांत मोठ्या गंजात, मायच्या मांडीवर बसल्यासारखी, एक धष्टपुष्ट पाल!

सगळे गंज पुन्हा घासले गेले. खिचडीला उशीर झाला. आणि अख्खी उपाशी शाळा दिव्यानीकडे बघत होती!