धुक्यातला लाल ठिपका

सासऱ्यांनी चित्र वाळायला फ्रिजवर टेकवून ठेवलं आणि सून दचकून जवळ गेली. खिडकीतून दिसणारं तळं होतं ते. पण काठ कुठला, पाणी कुठलं, काही पत्ता नाही. सगळीकडे करडं धुकं आणि खाली कोपऱ्यात एकच लाल ठिपका.

चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस! अक्षराची कड कधी केसभर हलली नाही. महिन्यापूर्वी इथे राहायला आले आणि हे असं?

कॉलेजात चित्रांच्या रसास्वादाच्या पेपरात ती काठावर पास झाली होती. आता मात्र तिला सगळं भराभर कळत गेलं.

"धुकं म्हणजे घुसमट," तिनं नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढून सांगितलं. "आणि तो ठिपका म्हणजे बाबा. एकटे, कोपऱ्यात!"

"अगं, ठिपका म्हणजे ठिपका असेल."

"तुला कधी काही दिसतं का? बाळाला सारखा लोणीपाव देऊ नका, म्हटलं होतं मी परवा. तेच लागलं त्यांना. निघून जातील बघ एक दिवस."

दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःच पावाला जाड लोणी लावून बाळाला आजोबांच्या मांडीवर बसवू लागली. आठवड्यानं दुसरं चित्र आलं. धुकं दुप्पट!

मग तिला राहवेना. "बाबा, आमचं काही चुकलं का? एवढं धुकं..."

"धुकं? दिसतं तसंच काढलंय की." त्यांचा आवाज उतरला. "तुला सांगणार नव्हतो. आधीच थर्मामीटर उशाशी घेऊन झोपतेस. डोळे चाललेत बहुतेक माझे."

तासाभरात बाळासकट तिघं डोळ्यांच्या दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी सासऱ्यांचा चष्मा उजेडात धरला, मग नाकाशी नेला.

"लोणी?"

"पुसतो हो रोज! सदऱ्याच्या टोकानं."

सगळ्यांनी सदऱ्याकडे पाहिलं. बाळ तेच टोक चोखत बसलं होतं.

घरी आल्यावर सासरे धुतलेल्या चष्म्यातून फ्रिजकडे बघत राहिले. "कुणी काढलंय हे? भलताच दुःखी माणूस दिसतोय."

"आणि तो ठिपका?" तिनं भीत भीत विचारलं.

"तो होय? ती तू. लाल स्वेटर घालून बाळाला काठानं फिरवत होतीस. बाकी सगळं पुसट झालं होतं गं, तेवढं दिसायचं."

एव्हाना बाळाचा पंजा पुन्हा काचेवर पोचला होता. तिनं आधी आपले डोळे पुसले. मग हात पुढे केला. "आणा तो चष्मा इकडे."